मातीच्या कुंड्यांची उभी बाग: या चुका टाळा

सामूहिक उभी बाग, म्हणजे भिंतीलगतच्या सांगाड्यावर टांगलेल्या कुंड्यांची, सगळ्यांनी मिळून सांभाळायची बाग, सुकायला लागली की आळ रोपांवर येतो. "देशी लावली, तरी टिकली नाहीत!" बहुतेक वेळा रोपं निर्दोष असतात, पाण्याचा अंदाज चुकलेला असतो.

चकाकी न दिलेली मातीची कुंडी चहूबाजूंनी पाणी सोडते. माठ पाणी गार करतो तो याच गुणामुळे. टांगलेल्या कुंडीला तर चारी बाजूंनी वारा लागतो, शिवाय भिंत तापते, त्यामुळे ती जमिनीवरच्या कुंडीच्या आधी सुकते. नवी कुंडी कोरडीच भरली तर पहिलं पाणी तीच पिऊन टाकते. बुडबुडे थांबेपर्यंत ती पाण्यात बुडवून ठेवा, मगच माती भरा.

हमखास येणारी तक्रार: "रोज पाणी घालतो, खालून वाहतंसुद्धा, तरी रोप माना टाकतं." अशा वेळी कुंडीच्या काठाशी निरखून बघा. पार वाळलेली माती आक्रसते आणि कुंडीपासून सुटते, नख जाईल एवढी फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. वरून कितीही ओता, उपयोग नाही. कुंडी उतरवून अर्धा तास बादलीत ठेवा, मग फटीत माती दाबून भरा. पुन्हा तेच झालं तर दोष मातीचा. नुसती काळी माती कुंडीत घालूच नये. पोयटा (गाळाची माती), भरड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. खत मात्र हात राखून, कारण नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि त्यांवर मावा ही कीड पडते.

तळाशी खडीचा थर देण्याची सवय सोडाच. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा टाकला की झालं. कुंड्या जवळच्या कुंभाराकडून घडवून घेण्याचा मोठा फायदा म्हणजे आधी सांगता येतं: भोक करंगळी जाईल एवढं हवं, काठ जाड आणि बाहेर वळलेला हवा, कारण कडी तिथेच अडकणार. घेताना टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर तडा असण्याची शक्यता. कुंडीवर पुढे पांढरी पूड दिसते ती बहुधा पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांची, ब्रशने निघते. पापुद्रे सुटत असतील तर मात्र भाजणी कच्ची राहिली असावी. ती कुंडी वर टांगू नका.

आता 'देशी'बद्दल. ओळखीचं रोप देशी असतंच असं नाही. सदाफुली आणि पानफुटी मादागास्करच्या, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. आपल्या परिसरात आपोआप उगवणारं, पण नाव ओळखून देशीच असल्याची खात्री केलेलं रोप निवडा. सगळी भिंत एकसारखी दिसावी हा हट्टही नको. वरची ओळ आधी वाळते, खालच्या ओळीला वरचं निथळलेलं पाणी मिळतं. वर कोरांटीसारखं काटक, तळाला ब्राह्मीसारखं ओल मागणारं.

वजन सगळेच कमी धरतात. ओली माती लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे 5 लिटरची कुंडी स्वतःच्या वजनासकट 9 ते 10 किलो. अशा 40 कुंड्या म्हणजे जवळपास 400 किलो. सांगाडा जमिनीवर उभा करा, भिंतीने तो फक्त धरून ठेवायचा. मागे हात जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर भिंतीला ओल येते.

राहिली माणसं. पाणी घालायचं काम 'सगळ्यांचं' ठेवलं की एका दिवशी तिघं घालतात, मग चार दिवस कोणीच नाही. वारानुसार नव्हे, रांगेनुसार वाटणी करा. एका माणसाकडे एक उभी रांग दिली की तिचा स्वभाव त्याला कळतो. मातीत बोट दोन पेरं घालायचं, ओल लागली तर झारी खाली ठेवायची. आणि खाली ताटल्या असतील तर आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.