बागेतल्या तळ्यावर येणारे प्राणी-पक्षी : बंदोबस्त करताना या चुका टाळा

सकाळी तळ्यापाशी गेलं की एरवी खाण्यासाठी वर येणारे मासे तळाशी कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेले दिसतात, मोजले तर दोन-चार कमी भरतात. मग घाईघाईनं मिळेल ते जाळं आणून पाण्यावर टाकलं जातं. आठ दिवसांनी त्या जाळ्यात एखादा साप किंवा पक्षी अडकून मेलेला सापडतो आणि मासे तरीही कमी होतच असतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कोण येतंय हे न पाहता उपाय केलेला असतो. बगळ्याला जे अडवतं त्यानं मांजर अडत नाही, आणि मांजराला जे अडवतं ते पाणमांजराला काहीच वाटत नाही.

चूक पहिली : कोण येतंय हे न शोधणं

खुणा आधी वाचा. मासे सकाळी लवकर एकेक करून नाहीसे होत असतील, काठावर ना खवले ना रक्त, आणि उरलेल्यांपैकी एखाद्याच्या पाठीवर किंवा बाजूला भोसकल्यासारखी जखम असेल, तर संशय बगळ्यावर घ्या. काठावर खवले आणि अर्धवट खाल्लेला मोठा मासा पडलेला असेल, तर पाणमांजर, म्हणजे ऊद, येत असण्याची शक्यता मोठी. कुंड्या उलथलेल्या, वनस्पती उपटून बाजूला फेकलेल्या आणि काठावर लहान हाताच्या ठशासारखे पाच बोटांचे माग दिसले, तर ज्या भागात रकून (मूळचा उत्तर अमेरिकेतला, रात्री फिरणारा प्राणी) असतात तिथे तो रकूनच समजा. बोटभर लांबीचेच मासे जात असतील तर खंड्या किंवा पाणसाप. नुसती पिल्लंच जात असतील तर चतुराच्या अळ्या, आणि कित्येकदा तळ्यातले मोठे मासेच.

खात्री करण्याची सोपी रीत अशी: संध्याकाळी काठालगत ३० सेंटिमीटर रुंदीचा ओल्या बारीक वाळूचा पट्टा पसरा, फळीनं सपाट करा आणि सकाळी ठसे पाहा. हालचाल दिसली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावणार असाल तर गुडघ्याच्या उंचीवर, काठापासून २ ते ३ मीटरवर, पाण्याकडे नव्हे तर काठावरून जाणाऱ्या वाटेकडे तोंड करून लावा. पाण्यावरच्या चकाकीनं आणि लाटांनी त्याची कार्डं विनाकारण भरतात.

मासा अखंड, जखम नसलेला, तरंगताना सापडला तर प्राण्यांचा विचार सोडून आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) मोजा. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, त्यामुळे गुदमरलेले मासेही सकाळीच दिसतात. अशा मेलेल्या माशाला खाणारं मांजर पाहून ‘हिनंच मारला’ असं ठरवणं ही नेहमीची गफलत आहे.

चूक दुसरी : काठ उतरता आणि उथळ ठेवणं

बगळा बहुधा जवळ उतरतो, चालत काठापर्यंत येतो आणि पाण्यात उभा राहून वाट पाहतो. सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर खोलीपर्यंत तो आरामात उभा राहतो. त्यामुळे हळूहळू उतरत जाणारा काठ आणि वनस्पतींसाठी केलेली रुंद पायरी म्हणजे त्याच्यासाठी तयार उभं राहण्याची जागाच. रकूनही तिथेच उतरतो. मासे असलेल्या तळ्यात निदान अर्ध्या भागाची खोली ८० ते ९० सेंटिमीटर हवी आणि त्या भागाच्या भिंती जवळजवळ उभ्या हव्यात. पायरी हवीच असेल तर ती एकाच बाजूला, अरुंद करा आणि कुंड्यांनी इतकी दाट भरा की पाय टेकायला जागा उरणार नाही. कुंड्या जड हव्यात. प्लास्टिकच्या टोपलीत माती भरून वर नुसती खडी टाकली तर रकून ती सहज कलंडवतो. टोपली दगडांत घट्ट बसवा.

मांजराचं गणित वेगळं. ते पाण्यात उतरत नाही, काठावर बसून पंजा घालतं. पाणी काठाशी समतल असेल तर मासा सहज पंजाच्या टप्प्यात येतो. पाण्याची पातळी काठाच्या २० ते २५ सेंटिमीटर खाली असली आणि काठाचा दगड पाण्यावर ५ ते ८ सेंटिमीटर पुढे आला असला, तर मांजराला वाकून पोचणं अवघड जातं. पुढे आलेल्या दगडाचा दोन-तृतीयांश भाग मागे जमिनीवर टेकलेला आणि सिमेंटमध्ये बसवलेला हवा. नाहीतर एखाद्या कुत्र्याच्या वजनानं तो तळ्यात कोसळतो आणि खालचा लायनर (पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेला जाड पडदा) फाटतो. कुत्र्यांच्या नखांनीही लायनर फाटतो. ते जिथून पाण्यात उतरतात तिथे लायनरवर जाड फेल्टचा थर आणि त्यावर सपाट दगड ठेवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. भिंती उभ्या केल्या की पाण्यात पडलेला कुठलाही लहान प्राणी, बेडूक असो, उंदीर असो वा पक्ष्याचं पिल्लू, बाहेर येऊ शकत नाही आणि बुडतो. म्हणून अशा तळ्यात सुटकेची पायवाट ठेवलीच पाहिजे. १५ सेंटिमीटर रुंदीची फळी घ्या, तिच्यावर दर ५ सेंटिमीटरला आडव्या पट्ट्या ठोका, वरचं टोक काठावर पक्कं बांधा आणि खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली निदान २० सेंटिमीटर जाऊ द्या. उतार ४५ अंशांहून अधिक नको. फळी काठाला लागूनच असावी, कारण पडलेला प्राणी भिंतीला धरूनच पोहतो. मधोमध ठेवलेली फळी त्याला सापडत नाही.

चूक तिसरी : पातळ, सैल जाळं पाण्यावर टाकणं

या चुकीनं सर्वांत जास्त जीव जातात, म्हणून हे सविस्तर सांगतो. सैल जाळं दोन प्रकारे फसतं. एक, पानं पडून ते खाली झोळीसारखं लोंबतं आणि पाण्याला टेकतं. मग बगळा वरूनच चोच घालून मासा टिपतो. दोन, १ ते ४ सेंटिमीटर भोकांच्या मऊ नायलॉन जाळ्यात साप डोकं घालतो, जाड भाग अडकतो आणि खवले मागे वळलेले असल्यानं त्याला मागे सरकता येत नाही. पक्ष्यांचे पाय आणि पंख असेच गुंततात.

मऊ जाळंच वापरायचं असेल तर त्याची भोकं ५ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत; बोट आरपार जाऊ नये, ही सोपी कसोटी. ते ढोलाच्या चामड्यासारखं ताणून बसवा. मात्र एवढ्या बारीक भोकांवर पानं साठतात, म्हणून आठवड्यातून दोनदा झाडावं लागतं. आमच्या मते यापेक्षा टणक जाळी चांगली: ५ सेंटिमीटर चौकोनांच्या, जाड कांबीच्या चौकटी. टणक जाळी प्राण्याभोवती गुंडाळली जात नाही, पानं खाली जातात आणि बेडूक ये-जा करतात. चौकटी पाण्यापासून निदान २० सेंटिमीटर उंच ठेवा आणि दर ६० ते ८० सेंटिमीटरला खालून आधार द्या, म्हणजे बगळा वर उभा राहिला तरी ती दबून पाण्याजवळ येणार नाही. नव्या जस्ताच्या मुलाम्याची जाळी पाण्यात बुडू देऊ नका. जस्त पाण्यात उतरतं आणि ते माशांना विषारी असतं, विशेषतः मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात. तांब्याच्या जाळीचंही तेच.

जाळं बसवताना कडेला फट राहिली की सगळं व्यर्थ जातं. कडा जमिनीला लागून ठेवा आणि दर ३० सेंटिमीटरला इंग्रजी यू आकाराची खुंटी ठोका. बेडकांसाठी मात्र एका बाजूला जमिनीलगत हातभर लांब आणि ३ ते ४ सेंटिमीटर उंच फट मुद्दाम सोडा. मांजर किंवा बगळा त्यातून जात नाही.

जाळं रोज पाहा. साप अडकलेला दिसला तर ओढू नका, हातही घालू नका. जाणकार सर्पमित्राला बोलवा. तो जाळं कापून त्याला सोडवेल. पक्षी असेल तर त्याच्यावर जाड कापड टाकून दोरा कात्रीनं कापा.

चूक चौथी : बारीक नायलॉनचा दोरा

बगळा चालत येतो म्हणून काठाभोवती दोरे ताणणं ही कल्पना चांगली आहे, पण मासेमारीची पारदर्शक तार वापरू नका. ती पक्ष्याला दिसत नाही, पायाला गुंडाळते आणि मांसात रुतते. २ ते ३ मिलिमीटर जाडीची दिसणारी सुतळी किंवा दोरी घ्या. काठापासून ३० सेंटिमीटर बाहेर खुंट्या ठोका, पहिली दोरी जमिनीपासून १५ ते २० आणि दुसरी ३५ ते ४० सेंटिमीटरवर घट्ट ताणा. एकच दोरी असेल तर बगळा ती ओलांडतो. उथळ पायरी मोठी असेल आणि बगळा थेट पाण्यातच उतरत असेल, तर दोऱ्यांचा काही उपयोग नाही.

चूक पाचवी : प्लास्टिकचा बगळा आणि आवाजाची यंत्रं

प्लास्टिकचा बगळा एकाच जागी उभा राहिला की खरा बगळा काही दिवसांत त्याला ओळखून सोडतो, आणि कधी कधी ‘इथे जातभाई खातोय’ असं समजून उलट जवळच उतरतो. ठेवलाच तर दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. पराध्वनीची, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा अतिशय उंच पट्टीतला आवाज काढणारी यंत्रं बगळ्यासाठी घेऊच नका. पक्ष्यांना इतक्या उंच पट्टीतला आवाज ऐकूच येत नाही. मांजर तो आवाज ऐकतं, पण तेही हळूहळू सरावतं.

चूक सहावी : हालचालीवर चालणारा फवारा चुकीच्या जागी लावणं

हालचाल ओळखून पाणी मारणारे फवारे दिवसा बगळा आणि मांजर यांच्याविरुद्ध चांगले चालतात. ‘चालत नाही’ अशी तक्रार बहुधा पुढच्या कारणांमुळे असते.

सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. भर उन्हात हवा आणि जनावराचं शरीर यांच्या तापमानात फारसा फरक उरला नाही की तो आंधळा होतो. तो थेट समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं अधिक चांगलं टिपतो, म्हणून तो येण्याच्या वाटेच्या आडवा लावा. सेन्सरसमोर वाऱ्यानं हलणारी झाडं असतील तर तो विनाकारण चालू होतो आणि जनावरं त्याला सरावतात. ती छाटा किंवा सेन्सरची दिशा बदला. धार तळ्यावर नव्हे तर काठावरच्या वाटेवर सोडा, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थोडं थोडं रोज तळ्यात जाणं चांगलं नाही. भिंगावरची धूळ आणि बॅटरी पंधरा दिवसांनी पाहा, गाळणीतला कचरा काढा. दर काही दिवसांनी जागा दोन-तीन मीटर हलवा. पाणी गोठण्याची थंडी पडते तिथे हिवाळ्यात तो काढून ठेवा, नाहीतर आतला झडपेचा भाग फुटतो.

चूक सातवी : माशांना लपायला जागा न देणं

कुठलाही बंदोबस्त एखाद दिवशी अपुरा पडणारच. त्या दिवशी मासे वाचतात ते लपण्याच्या जागेमुळे. १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचा, निदान ६० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाईप तळाशी आडवा ठेवा. मोठे कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) असतील तर अधिक रुंद घ्या. दोन्ही तोंडं उघडी हवीत, कापलेल्या कडा सँडपेपरनं घासून गुळगुळीत करा. एका तोंडाचा पाईप सापळा ठरतो आणि त्यात गाळ साचतो. कमळाची आणि तरंगणाऱ्या वनस्पतींची पानं पृष्ठभागाचा साधारण निम्मा भाग झाकतील इतपत राहू द्या. याहून दाट झाली की रात्री प्राणवायू कमी पडतो. पाणमांजर मात्र पोहत पाईपपर्यंत येतं, तिथे ही जागा पुरी पडत नाही.

चूक आठवी : रात्रीच्या प्राण्यांसाठी अर्धवट कुंपण

पाणमांजराला गुडघाभर जाळी म्हणजे काहीच नाही. उंची निदान १.२ मीटर, भोकं ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, वरचा ३० ते ४५ सेंटिमीटर भाग बाहेरच्या बाजूला वाकवलेला, आणि खालचा ५० सेंटिमीटर भाग जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरून मातीनं झाकलेला असावा. दार आणि पाणी आत येण्याची वाट, दोन्हीकडे हेच माप पाळा.

रकूनसाठी विजेच्या तारा, जमिनीपासून १५ आणि ३० सेंटिमीटरवर, चालतात. यंत्र फक्त कुंपणासाठी बनवलेलं, धक्का ठोक्याठोक्यानं देणारंच घ्या. घरातली वीज तारेला जोडणं जीवघेणं आहे. तारेला गवत टेकलं की धक्का मरतो. माती कोरडी असेल किंवा जनावर सुक्या दगडावर उभं असेल तरी तो लागत नाही, त्यामुळे यंत्राची अर्थिंगची सळई ओलसर जागी खोल ठोका. खालची तार १५ सेंटिमीटरपेक्षा खाली आणू नका. बेडूक तिला चिकटून मरतात.

चूक नववी : वास आणि विषाचे उपाय

डांबराच्या गोळ्या, फिनेल, मिरचीपूड यांपैकी काहीही तळ्याकाठी नको. पहिल्या पावसात ते पाण्यात उतरतं. डांबराच्या गोळ्या माशांना घातक आहेत आणि फिनेलसारखी फिनॉलयुक्त द्रव्यं मांजरांना. बगळा, पाणमांजर आणि खंड्यासारख्या प्राण्यांना अनेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, मारणं किंवा घरटं मोडणं तिथे गुन्हा ठरतं.

चूक दहावी : लगेच नवे मासे सोडणं आणि उरलेलं खाणं पडू देणं

दोन मासे गेले म्हणून त्याच आठवड्यात चार नवे आणले, तर बगळ्याला नेमानं जेवण मिळतं. आधी बंदोबस्त बसवा, तीन ते चार आठवडे तो टिकतो का ते पाहा, मगच नवे मासे सोडा. या काळात आहेत ते मासे घाबरलेले असतात आणि नीट खात नाहीत. दोन-तीन दिवस खाणं थांबवा, नाहीतर उरलेलं कुजून अमोनिया वाढतो. एरवीही चार-पाच मिनिटांत संपेल इतकंच टाका, तेही सकाळी. रात्री काठावर पडलेल्या दाण्यांच्या वासानं उंदीर येतात, आणि रकून असलेल्या भागात रकूनही येतात.

उन्हाळ्यात येणाऱ्या अनेकांना मासे नको असतात, पाणीच हवं असतं. तळ्यापासून ५ ते ८ मीटरवर, झाडाच्या सावलीत, ५ ते ७ सेंटिमीटर खोलीचं रुंद मातीचं भांडं ठेवा, मध्ये टेकायला एक दगड घाला. पाणी रोज ओतून नवं भरा, भांडं आठवड्यातून एकदा घासा, म्हणजे त्यात डास होणार नाहीत.