बारा बोअर साफ करताना या चुका टाळा

आमच्या घरात शेतीसंरक्षणाची बारा बोअर दुनळी बंदूक वडिलांच्याही आधीपासून आहे. वर्षाकाठी तिच्यातून पाच-सहा बार निघतात, भात पोटरीला आलं की रानडुकरं पांगवायला. एका नारळीपौर्णिमेला ती चामड्याच्या म्यानातून काढली, तर उजव्या नळीवर तांबूस पूड दिसली, म्यानाची शिवण जिथे टेकत होती नेमक्या त्याच रेषेत. पूड कपड्याने गेली. खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे राहिले, ते आजही आहेत. त्या वर्षी त्या नळीतून एकही बार निघाला नव्हता.

तेव्हापासून एक गोष्ट प्रत्येक परवानाधारकाला सांगतो. रेंजवरचे ट्रॅप नेमबाज, म्हणजे उडत्या तबकड्या टिपणारे, पात्रता फेरीतच निदान १२५ काडतुसं उडवतात. त्यांचा शत्रू म्हणजे नळीत साचणारं प्लास्टिक आणि काजळी. आपला शत्रू म्हणजे पाऊस, घाम आणि मागच्या वर्षीचं तेल. त्यांच्या साफसफाईचा व्हिडिओ बघून ब्रश आणि सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रावण) मागवणारे खूप आहेत, पण कोकणातल्या बंदुकीला सगळ्यात जास्त गरज लागते ती जुन्या धुतलेल्या सुती कापडाची.

साफसफाईला बसण्याआधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीतसुद्धा ठेवू नका. "रिकामीच आहे" हे दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही, स्वतः बघायचं.

तेल जास्त घालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. माया असते म्हणून आपण तेल ओततो. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की ते तेल हळूहळू खाली झिरपतं आणि दस्त्याचं लाकूड जिथे लोखंडाला मिळतं तिथे मुरतं. लाकूड काळं आणि मऊ पडतं, मग एका जोरदार बाराला तिथेच चीर जाते. जुन्या बंदुकांच्या दस्त्याचा तो भाग एकदा नीट बघा, बऱ्याच ठिकाणी काळा डाग दिसेल. म्हणून साफ केल्यावर बंदूक काही तास नळीचं तोंड खाली करून, खाली कापड घालून उभी ठेवायची.

तेल कोणतं, हाही प्रश्नच. आमच्याकडे खोबरेल लावायची जुनी सवय. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि महिनोन्‌महिने राहिलं की खवट होऊन त्यात आम्ल तयार होतं. गाडीचं काढलेलं काळं इंजिन ऑइल तर अजिबात नको, त्यात जळणाचं आम्ल आणि धातूचा कीस असतो. रॉकेल काजळी सोडवतं, पण उडून गेल्यावर लोखंड उघडं पडतं. त्यामुळे रॉकेल वापरलंच तर लगेच पुसून वर तेल लागलंच पाहिजे. बंदुकीचं खास तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. कापडाच्या तुकड्यावर चार थेंब घ्यायचे, कापड चोळून ते पसरवायचं आणि मग नळीवरून फिरवायचं. बोट लावल्यावर ठसा उमटावा, पण बोट ओलं होऊ नये, एवढाच थर हवा.

बिजागरीला तेलापेक्षा ग्रीस बरं, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. पण जुनं पुसून काढल्याशिवाय नवं लावू नका. जुन्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली की ते घासकाम करणारी लुगदी होतं, आणि दर वेळी बंदूक उघडताना पोलाद झिजतं.

चुकीचा गज, चुकीचा ब्रश

बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, वीस बोअरची साधारण १५.६. वीसचा ब्रश बारात घातला तर तो भिंतीला टेकतच नाही, आणि आपल्याला वाटतं नळी साफ झाली. गज लाकडी किंवा पितळी घ्या. तीन तुकड्यांच्या स्वस्त गजाचे सांधे नीट आवळले नाहीत तर त्यांची कड नळीच्या तोंडाला ओरखडे पाडते. दुनळीत गज मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा म्हणजे घाण पुढून बाहेर पडते आणि कळीत, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेत, जात नाही. ब्रश फॉस्फर ब्राँझचा असावा, पोलादी नको. तो नळीत मध्येच मागे ओढू नका. पुढून पूर्ण बाहेर काढा, मगच परत ओढा, नाहीतर केस उलटे वळून ब्रश अडकतो.

आधी एक कोरडा कपडा फिरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून पहिली काजळी सॉल्व्हंटमध्ये कालवून नळीभर पसरते. मग सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबायचं आणि ब्रशचे आठ-दहा फेरे मारायचे. चेंबरच्या थोडं पुढे आणि चोकजवळ, म्हणजे तोंडापाशी नळी अरुंद होते तिथे, प्लास्टिक वॅडचा (काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मधल्या बुचाचा) थर जास्त असतो. तो सुटला की कांद्याच्या पापुद्र्यासारखे करडे तुकडे कपड्यावर येतात. कपडा स्वच्छ येईपर्यंत फिरवा, शेवटी तेलाचा हलका हात द्या.

मग नळ्या वेगळ्या करून खिडकीसमोर धरा. आत उजेडाची गोल कडी एकात एक, अखंड दिसायला हवीत. कुठे करडी रेघ दिसली तर ते शिसं किंवा प्लास्टिक, ते अजून निघतं. तांबूस ठिपका दिसला तर तो गंज. बाहेरून थोपटल्यासारखी फुगवटी किंवा आत काळसर कडं दिसलं तर त्या नळीतून बार काढू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या.

गंज दिसला की घासायला सुरुवात करणं

पॉलिश पेपर, पितळ चमकवायचं पॉलिश, लिंबू, गंज काढणारं द्रावण यांपैकी काहीही नको. नळीवरचा निळसर काळा थर हाही लोखंडाचा ऑक्साइडच असतो. आम्लाला तो आणि गंज यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. तेल लावून एक रात्र ठेवा, मग चार शून्यांची बारीक स्टीलवूल तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा. खड्डे भरून येत नाहीत, ते पसरणार नाहीत एवढंच आपल्या हातात असतं.

दसऱ्याचं इथेच सांगतो. खंडेनवमीला आपण शस्त्रपूजा करतो, आणि करायलाच हवी. पण हळद-कुंकू, ओल्या अक्षता आणि फुलांचं पाणी रात्रभर नळीवर राहिलं तर सकाळी तिथे डाग धरलेला असतो. पूजेआधी तेलाचा हात द्या, कुंकू दस्त्यावर लावा, आणि आरती झाल्यावर सगळं पुसून पुन्हा तेल लावा. अक्षतेचा दाणा कळीच्या फटीत गेला आहे का तेही बघा. बांबूच्या टोकदार काडीने तो निघतो.

ठासणीची बंदूक बारा बोअरसारखी साफ करणं

ठासणीच्या बंदुकीत तोंडातून काळी दारू ठासून भरतात, आणि त्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल शोषतात आणि एका रात्रीत नळी खायला लागतात. रॉकेलात किंवा तेलात हे क्षार विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून या बंदुकीला गरम पाणीच हवं, आणि तेही त्याच दिवशी. पाणी कडकडीत असलं की नळी स्वतः तापते आणि आतून लवकर सुकते. पूर्ण कोरडी झाली की तेल.

पण धुण्याआधी ती भरलेली नाही याची खात्री करा. ठासलेल्या बंदुका घरात महिनोन्‌महिने तशाच पडून असतात. ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली असेल तर आधी ती काढा. मग तोंडासमोरून बाजूला राहून गज आत सोडा, तोंडापाशी त्यावर खूण करा, आणि बाहेर काढून नळीच्या बाजूला धरून मोजा. गजाचं टोक कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छिद्रापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ते स्वतः काढायला जाऊ नका.

म्यानात घालून विसरणं

चामडं कमावताना वापरलेले क्षार ओल धरून ठेवतात, म्हणून म्यान फक्त नेआण करायला. घरात बंदूक कुलपाच्या कपाटात, पावसाच्या भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवा, पुन्हा निळे होतात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसा, आणि ज्याने हात लावला त्याच्या हाताचा घामही लगेच पुसा.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला, म्हणजे जवळपास ऐंशी दिवस. जमा करण्याच्या आदल्या दिवशी आतून-बाहेरून साफ करा, नेहमीपेक्षा किंचित जास्त तेल लावा, सुती कापडात गुंडाळा आणि पावतीवर नळीचा नंबर तपासून घ्या. परत मिळाली की त्याच संध्याकाळी उघडा.

कळीचे स्क्रू मात्र घरच्या पेचकसाने उघडू नका. त्यांच्या खाचा अरुंद असतात, एकदा फाटल्या की फाटल्याच, आणि आतली स्प्रिंग ताणलेली असते. आणि बार काढण्याआधी नळीत कोरडा कपडा फिरवाच. चेंबर तेलकट राहिलं तर काडतूस भिंतीला घट्ट धरत नाही आणि धक्क्याचा जोर मागच्या कळीवर जास्त येतो. कपडा काढल्यावर दोन्ही नळ्यांतून पुन्हा उजेड बघा. आत राहिलेला कापडाचा तुकडा नळी फोडायला पुरतो.