डळमळीत देशांना मदत करताना या चुका टाळा

शाळा बांधून झाली, पण मास्तरांचा पगार कोण देणार? डळमळीत देशांत परकी मदत बहुतेकदा इथेच अडते. इमारती उभ्या राहतात, त्या चालवणारं सरकार मात्र होतं तितकंच दुबळं राहतं.

सरकारला वळसा घालणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत मदतीचा लोंढा आला, पण त्यातला अगदी थोडा पैसा तिथल्या सरकारी तिजोरीतून गेला. सरकार भ्रष्ट आहे, ही देणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण अशाने शिकलेली माणसं जास्त पगारासाठी परकी संस्थांत जातात, लोकही पाण्यापासून औषधापर्यंत सगळ्यासाठी त्यांच्याच दारात उभे राहतात आणि सरकार आणखी पोकळ होतं.

पैसा तिजोरीतूनच जावा, फक्त किल्ल्या दोघांकडे असाव्यात. यादवीनंतर लायबेरियात २००५ साली असा करार झाला. महत्त्वाच्या सरकारी संस्थांत खर्चाच्या कागदावर स्थानिक अधिकाऱ्यासोबत परकी तज्ज्ञाचीही सही लागू लागली. हा सार्वभौमत्वावर घाला आहे, अशी टीका झाली आणि ती समजण्यासारखी होती. तरीही हिशेबाला शिस्त आली, आणि २०१० मध्ये देशाच्या परकी कर्जाचा मोठा भाग माफ झाला.

अफगाणिस्तानातली पद्धत मला अधिक पटते. २००२ साली जागतिक बँकेच्या देखरेखीखाली एक सामायिक निधी सुरू झाला. शिक्षकांचे पगार वगैरे खर्च सरकारने आधी करायचे, स्वतंत्र तपासनिसांनी बिलं पाहायची आणि नियमात बसतील तेवढेच पैसे निधीतून परत मिळायचे. यात पगारपत्रक नीट ठेवायची सवय सरकारलाच लागते.

रोजचा खर्च न मोजणं

काबूलजवळ तराखिल इथे अमेरिकेच्या पैशातून ३० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचं डिझेलवर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं. डिझेल परवडेना. शेजारच्या उझबेकिस्तानातून येणारी वीज कितीतरी स्वस्त पडे, म्हणून केंद्र बहुतेक काळ बंदच राहिलं. अफगाण हवाई दलासाठी घेतलेल्या २० मालवाहू विमानांचीही तीच गत. सुटे भाग आणि देखभाल जमेना, शेवटी १६ विमानं मोडीत काढून भंगारात विकली. त्या कार्यक्रमावर सुमारे ५५ कोटी डॉलर गेले होते, भंगाराचे ४० हजारांच्या आसपास आले. मंजुरीआधी एकच प्रश्न विचारावा: आपण गेल्यावर पाचव्या वर्षी याचं बिल कोण भरणार?

स्थानिक शेतकऱ्याला विसरणं

हैतीत तांदळावरचं आयातशुल्क १९९० च्या दशकात खाली आलं आणि अमेरिकेच्या स्वस्त तांदळापुढे तिथला शेतकरी टिकला नाही. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये त्या धोरणाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. खऱ्या दुष्काळात बाहेरचं धान्य हवंच, पण जवळच्या बाजारात मिळत असेल तर तिथूनच घ्यावं.

नळ एकदम बंद करणं

ऑगस्ट २०२१ पर्यंत अफगाण सरकारचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च परकी अनुदानावर चालत होता. तालिबान आले आणि ही मदत थांबली. राजवट बदलली तरी दवाखाने कोणत्या वाटेने चालतील, हे करारातच लिहून ठेवायला हवं. पुढे रेडक्रॉस आणि युनिसेफने आरोग्य कर्मचाऱ्यांना पगार द्यायला सुरुवात केली, पण तोवर अनेक परिचारिकांनी कित्येक महिने बिनपगारी काम केलं होतं.