वणव्याच्या दिवसांत गोठा : आधी गुरांची दावी तपासा

फेब्रुवारी ते मे हा आपल्याकडे गोव्यात काजूचा हंगाम, आणि वणव्याचाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण इथल्या उतारांवर करड, म्हणजे डोंगरावरचे गवत, वाळून खडखडीत झालेले असते, काजूखाली पाचोळ्याचा थर असतो आणि घरातली सगळी माणसे बोंडू (काजूची फळे) वेचायला भाटात, म्हणजे बागायतीत, गेलेली असतात. गोठ्यात म्हैस एकटी, दाव्याला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य पेटले तेव्हा आग विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. ती डोंगरावर पाणी ओततात; तुमच्या रेडकाचे दावे सोडायला कोणी खाली उतरत नाही.

हा सल्ला मुख्यतः त्या दाव्याबद्दलच आहे. वणव्यात मेलेली जी जनावरे मी पाहिली, ती बहुतेक बांधलेली किंवा कोंडलेली होती. मोकळी गाय वाट काढते, ओहोळात उतरते, अंग होरपळले तरी दुसऱ्या दिवशी कुठेतरी सापडते. बांधलेली मात्र खुंट्याभोवती फिरून दावे आखूड करून घेते आणि जाळ यायच्या आधी धुरानेच गुदमरते. मालक धावत येतो, पण ओढून ओढून आवळलेली गाठ सुटत नाही आणि कोयता घरात राहिलेला असतो.

म्हणून आज संध्याकाळी एवढे करा. नायलॉनचे दावे काढून टाका. उष्णतेने ते वितळून कातडीला चिकटते, आणि ओढ बसली की गाठीचा दगड होतो. काथ्याचे किंवा सुताचे दावे वापरा. बांधताना टोक गाठीतून आरपार ओढू नका. ते दुमडून त्याचा फक्त वेटोळा गाठीत घाला, म्हणजे मोकळे टोक ओढताच गाठ सुटते. ते टोक जनावराच्या तोंडापासून लांब ठेवा, बकरी ते चघळून स्वतःच सुटते. साखळी असेल तर आकडा बघा. आपल्या पावसाळ्यात आकडा हमखास गंजतो आणि मार्चमध्ये हाताने उघडत नाही. तेल घाला, नाहीतर बदला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि शाळकरी पोराला अंधारात गाठ सोडायला लावा. ती त्यांना जमली नाही तर बांधण्याची पद्धत बदला, कारण आग लागेल तेव्हा घरी तीच दोघे असतील.

दुसरी गोष्ट कुलूप. बिबट्याच्या भीतीने बकऱ्यांचा गोठा रात्री कुलपात असतो आणि किल्ली मालकाच्या खिशात. भीती खरी आहे, पण कुलपाऐवजी बाहेरून मजबूत कडी आणि आडवा दांडा लावा. बिबट्याला दांडा काढता येत नाही, शेजाऱ्याला येतो. कुलूप हवेच असेल तर दुसरी किल्ली शेजारच्या घरात द्या.

बाकी तयारी, थोडक्यात:

– गोठ्याभोवती १० मीटर करड, पाचोळा, झावळ्या साफ
– गवताची उडवी गोठ्याला टेकलेली नको, लांब हवी
– दाराशी कोयता, कायमचा टांगलेला
– पाण्याचे पिंप भरलेले, दोन बादल्या, गोणपाट
– कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचे आणि जनावराचे फोटो मोबाईलवर
– मांजर-कोंबड्यांसाठी टोपली किंवा जाळीचा पिंजरा, झाकणासकट
– आणीबाणीसाठी ११२, अग्निशमन दलासाठी १०१

साफसफाई खराट्याने आणि दाताळ्याने करा, काडी लावून नको. काजूखालचा पाचोळा ‘जरासा’ जाळायला गेलेल्यांनीच डोंगर पेटवलेले आहेत. अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

जनावरे कुठे न्यायची हे आधी ठरलेले हवे. या महिन्यांत सकाळी घाटाकडून कोरडा वारा खाली वाहतो, दुपारी समुद्राकडचा वारा चढतो. सकाळी तुमच्यापासून लांब जाणारी आग दुपारी उलटून तुमच्यावर येऊ शकते. चढावर ती जास्त वेगाने धावते, म्हणून जनावरे कधीही वर डोंगराकडे हाकू नका. खाली चला. ओले वायंगणाचे (उन्हाळी भाताचे) शेत सगळ्यात चांगले. कापणी झालेले, चरून साफ झालेले शेतही चालते. पाणी चालू असलेले कुळागर (पोफळी-नारळाची बाग) बरे, पण वाळक्या पोफळीच्या झावळ्या पडलेले कुळागर नको. नदीचा रुंद वाळूचा काठ उत्तम. रानातले छोटे डबके मात्र फसवे: म्हैस त्यात लोळायला बसली की उठत नाही आणि भोवतीचे करड पेटले की धूर तिथेच साठतो.

दुसऱ्याच्या शेतात जनावरे घालायला संकोच वाटतो. त्या शेतमालकाशी आत्ताच बोलून ठेवा. बोलणे झाले नसेल तरी घाला, भांडण नंतर मिटवता येते.

टेंपोवर फार विसंबू नका. धनगरवाड्यापर्यंत टेंपो पोहोचत नाही, आणि कधी न चढलेली म्हैस धुरात फळीवर पाय ठेवत नाही. चालवत न्यायची असतील तर पुढारी म्हैस आधी सोडा, तिच्या गळ्यात घंटा असू द्या. रेडकू उचलून पुढे घेतले की आई मागे येते. गाय अडली तर डोळ्यांवर ओला गोणपाट टाकून चालवा. जनावर बाहेर काढल्यावर गोठ्याचे दार बंद करा, भेदरलेली गुरे ओळखीच्या जागेकडे परत धावतात आणि आत शिरतात.

वेळच नसेल तर? सगळी दावी सोडा, दार-फाटक सताड उघडा, कुंपणाची तार एका ठिकाणी तोडा आणि निघा. मोकळे सोडलेले जनावर हरवू शकते, एवढेच. कुत्र्यालाही हेच लागू. राखणीसाठी खांबाला साखळीने बांधलेला कुत्रा सगळ्यात शेवटी आठवतो, किंवा आठवतच नाही. मांजर धूर दिसताच लपते, तिला आधी टोपलीत घाला. कोंबड्या अंधार केला की गप्प राहतात, टोपलीवर ओले फडके टाका.

आग किती जवळ आली हे ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो, पुस्तकात शोधू नका. घारी आणि कोतवाल पक्षी धुराच्या कडेला घिरट्या घालू लागले, म्हणजे किडे उडत आहेत आणि आग रांगेने सरकते आहे. दुसरी, रात्री रवंथ थांबवून सगळी गुरे एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली तर बाहेर जाऊन वास घ्या. माझा अंदाज चुकला तर एक झोप मोडेल.

आग गेल्यानंतर भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी, बराच वेळ. हळद, खोबरेल, डिझेल, टूथपेस्ट काही नको. आचळे आणि कास नीट बघा, काळ्या म्हशीच्या अंगावर भाजलेले पटकन दिसत नाही. तापलेल्या राखेतून चाललेल्या जनावराचे खूर त्या दिवशी ठीक वाटतात आणि काही दिवसांनी खुराच्या वरच्या कडेला चीर पडते, लंगडणे सुरू होते. आठवडाभर रोज बघा. धूर घेतलेले जनावर दोन दिवसांनीही खोकू लागते, त्याला डोंगर चढवू नका. मोठ्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ५० ते ८० लिटर पाणी लागते, ते सावलीत ठेवा. १० लिटरमध्ये मूठभर गूळ आणि दोन चमचे मीठ पुरे.

इथेच दुकानदार भेटतो. यकृताचे टॉनिक, ताण घालवणारे द्रावण, कॅल्शियमची मोठी बाटली, सगळे महाग आणि भाजलेल्या जनावराला त्यातले काहीच तातडीचे नसते. तेवढ्या पैशांत गोठ्यातली सगळी दावी बदलून होतात. वेदना कमी करायला मेलॉक्सिकॅम, दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, ४०० किलोच्या म्हशीला २०० मिलिग्रॅम, तेही पशुवैद्याच्या हातून. डायक्लोफेनॅक कोणी देऊ केले तर घेऊ नका. गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ पासून किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅकवरही. घरातली पॅरासिटामॉल मांजराला अजिबात नाही, एक गोळीही तिचा जीव घेते.

जनावर मेले तर पंचनाम्याआधी पुरू नका. तलाठ्याला कळवा, सरकारी पशुवैद्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या, कानातला बिल्ला काढून जपा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या आपत्ती निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये मदत धरलेली होती. बिल्ल्याचा फोटो आणि दाखला हातात असला की मामलेदार कचेरीतल्या फेऱ्या कमी होतात.