बांधाच्या वादातून दाखल झालेला गुन्हा रद्द करून घेण्यासाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला आपल्यावरील गुन्हा रद्द करून घ्यायचा असल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 528 आले आहे. नव्या संहितेतील 482 हे अटकपूर्व जामिनाचे कलम असल्याने जुन्या सवयीने आकडा टाकू नये.

शेत कोणाचे, याचा निकाल या अर्जात लागत नाही, आणि बहुतेक अर्ज नेमके तिथेच भरकटतात. फिर्यादीतील प्रत्येक शब्द खरा धरला तरी गुन्हा होत नाही, किंवा दिवाणी वादालाच फौजदारी रूप दिले आहे, एवढे दाखवायचे असते.

समजा, यावल तालुक्यात सामाईक गटातील केळीचे घड कापून नेल्याबद्दल चोरीची फिर्याद झाली आहे. त्या गटाच्या वाटपाचा दावा आधीपासून चालू असेल आणि घड नेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर व पीक पाहणीत असेल, तर आपल्या हक्काचा माल या प्रामाणिक समजुतीने नेलेल्या घडांबाबत चोरीला लागणारा अप्रामाणिक हेतू उरत नाही, असे म्हणता येते. म्हणून दावा, मनाई हुकूम, मोजणी आणि फिर्याद यांच्या तारखा क्रमाने मांडाव्यात; मनाई हुकूम मिळाल्यावर आठच दिवसांत फिर्याद आली असेल, तर त्या दोन तारखा पानभर युक्तिवादापेक्षा अधिक बोलतात.

अर्जासोबत फिर्याद, दोषारोपपत्र दाखल झाले असल्यास तेही, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि दाव्यातील कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला जोडाव्यात. राज्य शासनाबरोबर फिर्यादीलाही प्रतिवादी करावे. भांडणात कोणाचे डोके फुटले असेल, तर केवळ दिवाणी वादाच्या आधारावर फारशी आशा धरू नये.

अर्ज दाखल झाला म्हणून अटक टळत नाही. तपास चालू असताना सरसकट संरक्षण देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नीहारिका प्रकरणात बजावले आहे. त्यामुळे अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात वेगळा अर्ज करावा. भाऊबंदांत समेट झालाच, तर फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दिवाणी दाव्याचे काय ठरले, तेही त्यातच लिहून घ्यावे.