तेल-वायूच्या व्हॉल्व्हसाठी गंजरोधक धातू कसा निवडावा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांकडे व्हॉल्व्हची चौकशी येते, तेव्हा कागदावर बहुधा आकार, दाबाचा वर्ग आणि ‘एस.एस. (स्टेनलेस पोलाद) चालेल’ एवढेच लिहिलेले असते. एवढ्यावर धातू ठरवू नये. पाइपातून काय वाहणार, त्यात पाणी, क्लोराइड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड किती, तापमान कुठून कुठवर जाणार, हे लेखी मिळाल्याशिवाय दर देऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी हायड्रोजन सल्फाइड पाहावा. पाण्याच्या सोबतीने त्याचा आंशिक दाब (मिश्रणातला त्याच्या वाट्याचा दाब) ०.३ किलोपास्कल किंवा त्याहून अधिक असेल, तर आयएसओ १५१५६ अर्थात एनएसीई एमआर ०१७५ या हायड्रोजन सल्फाइडसाठीच्या धातूंच्या मानकाचे नियम पाळावे लागतात. इथे धोका झिजण्याचा नसून तडकण्याचा असतो. हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि ताणाखालचा कठीण भाग कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो. म्हणून कार्बन पोलादाचा कठीणपणा साधारणपणे रॉकवेल सी २२ च्या आत ठेवतात, आणि या वायूच्या संपर्कात येणारे बोल्ट बी७ ऐवजी बी७एम, म्हणजे कमी कठीण जातीचे, घेतात.

कोरड्या, स्वच्छ वायूला डब्ल्यूसीबी (ओतीव कार्बन पोलाद) पुरते. तिथे महागडा धातू सुचवणे योग्य नाही. पाण्यासह कार्बन डायऑक्साइड असेल, तर त्याचे आम्ल कार्बन पोलाद खाते, आणि १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तिथे बरेच टिकते. क्लोराइडचे पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ३१६ जातीचे स्टेनलेस पोलाद ताणाखाली चिरू लागते. अशा वेळी डुप्लेक्स २२०५ (अधिक क्रोमियमचे, जास्त मजबूत स्टेनलेस पोलाद) आणि समुद्राच्या पाण्यासाठी सुपर डुप्लेक्स २५०७ यांचा विचार करावा.

बॉडीची जाडी थोडी झिजली तरी निभावते, पण स्टेम (झडप फिरवणारा दांडा) किंवा सीटवर (झडप जिथे टेकते ती कडा) केसाएवढी खाच पडली तरी गळती सुरू होते. त्यामुळे ट्रिमचा, म्हणजे स्टेम-सीटसारख्या आतल्या भागांचा, धातू बॉडीपेक्षा सरस असावा, कमी दर्जाचा कधीच नसावा. रबरी सीलकडेही लक्ष द्यावे, कारण जास्त दाबाचा वायू एकाएकी सोडला की आत मुरलेला वायू फुगून साधे रबर फाटते.

एका कारखान्यात ३१६ चे बॉल व्हॉल्व्ह बोअरवेलच्या पाण्याने तपासून, पोकळीतले पाणी न काढता, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले मी पाहिले आहेत. महिनाभराने उघडले, तेव्हा चकचकीत बॉलवर सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा होता. चाचणीच्या पाण्यात क्लोराइड ३० पीपीएमच्या (दशलक्षात ३० भागांच्या) आत असावे, आणि चाचणी होताच व्हॉल्व्ह पूर्ण रिकामा करून वाळवावा.

माल आल्यावर प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (धातू वितळवल्याच्या खेपेचा क्रमांक) बॉडीवरच्या ठशाशी जुळवावा आणि पीएमआय गनने (धातूतले घटक ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने) धातू तपासावा. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ या स्टेनलेस पोलादांतला फरक कळत नाही; तो ३१६ मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमवरूनच कळतो.