पॅलेडियमचा पिंजरा जुळत नाहीये? या चुका टाळा

पॅलेडियमचा क्षार आणि पिरिडीनवाला लिगंड (पिरिडीन वलयातल्या नायट्रोजनने धातूला धरणारा सेंद्रिय रेणू) एकत्र करून गरम केला की पिंजरा, म्हणजे आत पोकळी असलेला रेणू, आपोआप जुळतो, असं म्हणतात. जुळतो खरा, पण नळीत काय आणि किती घालायचं हे आपणच पाहायचं असतं.

पहिला संशय प्रमाणावर घ्यावा. दोन पॅलेडियम आणि चार लिगंडांच्या पिंजऱ्याला १:२ हेच प्रमाण लागतं. पण पॅलेडियम नायट्रेट हायड्रेटमध्ये पाणी किती, याचा नेम नसतो. सूत्राप्रमाणे वजन केलं तरी धातू कमी पडू शकतो आणि एनएमआरमध्ये (रेणूतले अणू रेषांच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीत) मोकळा लिगंड दिसत राहतो. घाईने धातू जास्त ओतला, तर जुळलेले पिंजरेही मोडून अर्धवट तुकडे होतात. त्यापेक्षा ड्यूटरेटेड डीएमएसओमध्ये (एनएमआरसाठीच्या, जड हायड्रोजनवाल्या द्रावकात) लिगंड विरघळवा, धातूचं द्रावण थोडं थोडं घाला, दरवेळी गरम करून एनएमआर घ्या आणि मोकळ्या लिगंडच्या रेषा गेल्या की थांबा. कंटाळवाणं आहे, पण तराजूपेक्षा भरवशाचं.

क्लोराइड हा दुसरा शत्रू. तो पॅलेडियमला घट्ट धरतो, पिरिडीनला जागा देत नाही. सिल्व्हर नायट्रेटने काढायचा असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा गाळ नीट गाळून टाका. चांदी जास्त झाली तर तीही पिरिडीनला चिकटते.

पिंजऱ्याऐवजी चौकोन (चार कोपऱ्यांवर पॅलेडियम असलेला रेणू) हवा असेल तर पॅलेडियमच्या चार जागांपैकी शेजारच्या दोन आधी झाका. जपानी रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजितांच्या १९९० च्या चौकोनात हे काम इथिलीनडायअमीनने केलं होतं. त्यामुळे बाजू बनणाऱ्या ४,४'-बायपिरिडीन लिगंडला उरलेल्या दोनच जागा मिळाल्या.

रेषा रुंद, पसरट दिसल्या म्हणून नमुना फेकू नका. सुरुवातीला वेडेवाकडे जोडलेले तुकडे बऱ्याचदा ७० अंशांवर काही तासांत सुटून नीट जुळतात. काळी भुकटी खाली बसली, तर मात्र पॅलेडियमचं क्षपण होऊन तो शून्यभाराचा धातू झालाय. ट्रायइथिलअमीनसारखं क्षपण करणारं काही आत राहिलंय का ते पाहा.

रेषा स्वच्छ आल्या म्हणजेही काम झालं असं नाही. त्रिकोण (तीन पॅलेडियमचा) आणि चौकोन दोघेही सममित, त्यामुळे एनएमआर सारखाच साधा दिसू शकतो. वस्तुमान वर्णपटातही फसगत होते: दोन पॅलेडियम-चार लिगंडांचा ४+ आयन आणि त्याच्या अर्ध्या तुकड्याचा २+ आयन एकाच जागी येतात, कारण तिथे वस्तुमान भागिले भार मोजला जातो. समस्थानिकांच्या रेषांमधलं अंतर मोजा, ०.२५ असेल तर पिंजरा, ०.५ असेल तर तुकडा.